संस्थेविषयी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरू लागला तर: पहिल्या तासापासून आठव्या दिवसापर्यंत

समजा, शनिवारी संध्याकाळी 7 वाजता लातूरमधल्या एका पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या गटात मेसेज येतो: ‘संस्थेत मोठा घोटाळा. चेअरमन फरार. सोमवारी सकाळी लवकर जाऊन पैसे काढून घ्या. सगळ्यांना पाठवा.’ खाली नाव नाही, तारीख नाही. रविवारी शाखा बंद. सोमवारी 9 वाजता शटर उघडेपर्यंत संस्थेच्या हातात 38 तास असतात. या तासांत काय केलं आणि काय टाळलं, यावर सोमवारी दारात पंधरा माणसं उभी राहतील की पाचशे, हे बरंचसं ठरतं.

पतसंस्थेच्या जागी दवाखाना, कोचिंग क्लास, दूध संघ, बियाण्याचं दुकान किंवा नगरपरिषद घ्या. कामाचा क्रम तोच राहतो. जनसंपर्क म्हणजे पेपरात बातमी छापून आणणं, अशी आपल्याकडे अजून समजूत आहे. प्रत्यक्षात लोकांना संस्थेबद्दल जे कळायला हवं ते वेळेवर, त्यांना समजेल अशा भाषेत आणि ते जिथे असतात तिथे पोचवणं, एवढंच ते काम आहे. सोशल मीडियामुळे त्यातला वेळ फार कमी झाला, बाकी फारसं बदललेलं नाही.

आधी ठरवा: खरं, अर्धं खरं की खोटं

निवेदन लिहायला बसण्याआधी हा एक निर्णय घ्यावाच लागतो. घाईत तो राहून जातो आणि पुढचं सगळं चुकतं. संकटकाळातल्या संवादाचा अभ्यास करणारे टिमोथी कूम्ब्स संकटांचे तीन गट करतात: संस्था स्वतःच बळी ठरली आहे असं, अपघाताने घडलेलं आणि टाळता आलं असतं असं. जबाबदारी जितकी जास्त, तितकं नाकारणं महागात पडतं आणि माफी व भरपाई तितकी आवश्यक होते. साफ नकार फक्त निखळ अफवेलाच शोभतो.

निखळ अफवांची उदाहरणं आपण पाहिली आहेत. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘चिकन खाल्ल्याने कोरोना होतो’ हा मेसेज फिरला आणि पोल्ट्रीवाल्यांचे भाव कोसळले. हिंगोलीत 2024 च्या 10 जुलैला 4.5 रिश्टरचा धक्का बसला. अशा धक्क्यांनंतर ‘आज रात्री मोठा भूकंप होणार’ असे मेसेज फिरायला वेळ लागत नाही. किल्लारी पाहिलेल्या भागात त्यांचा परिणाम किती होतो हे वेगळं सांगायला नको. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, त्यामुळे तिथे स्पष्ट ‘हे खोटं आहे’ म्हणता येतं आणि म्हणावंच.

जास्तीत जास्त प्रकरणं मात्र अर्धी खरी असतात. अध्यक्ष फरार नाहीत, पण एका शाखेत कर्मचाऱ्याने अफरातफर केलेली असते. संस्था बुडालेली नाही, पण सर्व्हर दोन दिवस बंद असल्याने पैसे मिळालेले नसतात. अशा वेळी खरा भाग आपणच आधी सांगायचा असतो. तो लपवून फक्त खोट्या भागाचा इन्कार केला, तर खरा भाग दुसरं कुणीतरी बाहेर काढतं आणि मग इन्कारावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आरोप पूर्ण खरा असेल, तर जनसंपर्काने काहीही वाचत नाही, आणि वाचवायचा प्रयत्न करूही नये. मराठवाड्यात ठेवी अडकून मेटाकुटीला आलेली कुटुंबं कमी नाहीत. मुलीच्या लग्नासाठी, ऊस-सोयाबीनच्या पट्टीतून, निवृत्तीच्या रकमेतून ठेवलेला तो पैसा असतो. संस्था पैसे देऊ शकत नाही हे माहीत असताना ‘ठेवी सुरक्षित आहेत’ असं निवेदन काढणं ही फसवणूक आहे. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याखालच्या प्रकरणात असं निवेदन उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकतं. जनसंपर्क पाहणाऱ्या माणसाने अशा मजकुरावर काम करायला नकार द्यावा.

इथे एक धोका लक्षात ठेवा. ‘5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे’ हे वाक्य कर्मचारी सद्हेतूने गटात टाकतात. हे विमा संरक्षण डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं आहे आणि ते बँकांना आहे. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थांना ते नाही. पतसंस्थेच्या नावाने हे वाक्य गेलं, तर एका संकटाची दोन संकटं होतात.

पहिला तास

सगळ्यात आधी पुरावा जपा. स्क्रीनशॉटमध्ये गटाचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची पोस्ट असेल तर तिची लिंक कॉपी करून ठेवा आणि पान खाली सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा, कारण खात्याचं नाव बदलता येतं आणि पोस्ट डिलीट होते. ज्या फोनवर मेसेज आला तो फोन रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ साधनावरून देणं सोपं जातं.

त्यानंतर ठरलेल्या पोस्ट थांबवा. शनिवारी रात्री ठेवीदार घाबरलेले आहेत आणि संस्थेच्या पानावर आधीच लावून ठेवलेली ‘आकर्षक व्याजदर’ची जाहिरात आपोआप झळकते आहे, हे वारंवार घडतं. पैसे भरून चालू असलेल्या जाहिरातीही बंद करा. त्यांच्याखाली सगळा संताप जमा होतो.

तिसरं काम फोनचं आहे. अध्यक्ष, व्यवस्थापक, हिशेबनीस आणि वकील अशा चौघांनी कॉलवर तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढायची: आपल्याला नक्की काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते किती वाजेपर्यंत कळेल. वकिलाचं मत घ्या, पण निवेदन वकिलाकडून लिहून घेऊ नका. त्याची भाषा न्यायालयासाठी असते, ठेवीदार ती वाचून आणखी घाबरतो.

चौथं, स्वतःची माणसं. शाखेतला शिपाई, रोखपाल, दैनंदिन ठेव गोळा करणारा पिग्मी एजंट यांना लोक सगळ्यात आधी विचारतात. निवेदन बाहेर जाण्याच्या दहा मिनिटं आधी ते त्यांच्या हातात असलं पाहिजे. ‘मला काही माहीत नाही’ असं रोखपाल म्हणाला, की अध्यक्षांचा व्हिडिओ वाया गेला.

निवेदन असं लिहू नका, असं लिहा

बहुतेक संस्थांचं पहिलं निवेदन साधारण असं असतं: ‘काही समाजकंटक हेतुपुरस्सर संस्थेची बदनामी करत आहेत. संस्था भक्कम आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. बदनामी करणाऱ्यांवर कठोर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ यात वाचणाऱ्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. अध्यक्ष कुठे आहेत? सोमवारी पैसे मिळणार का? कुणाला विचारायचं? उलट ज्याने घाबरून मेसेज पुढे पाठवला त्या ठेवीदारालाच समाजकंटक म्हटलं जातं.

आता अफरातफर खरी आहे पण एका शाखेपुरती आहे, असं धरून लिहिलेलं निवेदन पाहा:

‘शनिवार, रात्री 8.15. आपल्या संस्थेविषयी एक मेसेज फिरतो आहे. खरी माहिती अशी: आमच्या एका शाखेतल्या कर्मचाऱ्याने काही खात्यांत अफरातफर केल्याचं गुरुवारी तपासणीत आढळलं. त्याला निलंबित केलं आहे आणि शुक्रवारी पोलिसांत तक्रार दिली आहे. इतर शाखांची तपासणी सुरू आहे. अध्यक्ष लातुरातच आहेत. उद्या, रविवारी सकाळी 11 वाजता ते मुख्य कार्यालयात ठेवीदारांना भेटतील. सोमवारी सर्व शाखा नेहमीच्या वेळेला उघडतील. पुढची माहिती उद्या दुपारी 1 वाजता देऊ. चौकशीसाठी हा नंबर रात्री 10 पर्यंत चालू आहे.’

सुरुवातीला वेळ आहे, कारण हे निवेदन फिरत-फिरत मंगळवारीही कुणाच्या तरी फोनवर पोचणार आहे. ‘चेअरमन फरार’ हे शब्द कुठेही नाहीत. अफवेचे शब्द आपणच पुन्हा छापले तर ज्यांनी ती ऐकली नव्हती त्यांच्यापर्यंतही ती पोचते. त्याऐवजी ‘अध्यक्ष लातुरातच आहेत’ हे सरळ वाक्य आहे. रक्कम सांगितलेली नाही, कारण तपास संपलेला नाही. आज 6 लाख सांगून उद्या 11 लाख निघाले तर कुणी ऐकणार नाही. कर्मचाऱ्याचं नावही नाही, कारण दोष अजून सिद्ध व्हायचा आहे. आणि पुढची वेळ दिली आहे. ती पाळणं हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दुपारी 1 वाजता नवीन काही नसेल, तर ‘तपासणी चालू आहे, आज नवीन माहिती नाही, पुढची माहिती 6 वाजता’ एवढं तरी टाकायचंच.

शब्दांच्या जोडीला प्रत्यक्ष तयारी हवी. सोमवारी किती रोख लागेल याचा अंदाज, बँकेतून ती आणण्याची व्यवस्था, टोकन, पिण्याचं पाणी, ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी खिडकी. रांगेतल्या पहिल्या वीस माणसांना पैसे मिळाले, की तेच बाहेर येऊन फोनवर सांगतात आणि त्यांचं बोलणं कुठल्याही निवेदनापेक्षा लवकर पोचतं.

व्हॉट्सॲपची घडण समजून घ्या

संवादाची बहुतेक पाठ्यपुस्तकं ट्विटर म्हणजे आताच्या एक्सवर आणि फेसबुकवर भर देतात. तिथली चर्चा उघडी असते, शोधता येते, उत्तर तिथेच देता येतं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी खाद्यपदार्थांशी घाणेरडा खेळ करतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. कंपनी आधी थांबून राहिली, आणि दोनेक दिवसांनी अध्यक्षांनी यूट्यूबवरच माफी मागितली. उशीर झाला, पण जागा बरोबर होती.

मोंढ्यातल्या आडत्यांचा गट, गावकीचा गट, क्लासच्या पालकांचा गट हे सगळे बंद असतात. तुमच्याविषयी काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही आणि तुमच्या पानावरचं स्पष्टीकरण तिथे आपोआप जात नाही. म्हणून इथे उत्तर माणसांमार्फत न्यावं लागतं. प्रत्येक शाखेच्या गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशा आठ-दहा जणांची यादी आधीच हवी: पिग्मी एजंट, सेवानिवृत्त गुरुजी, आडते, बचत गटाच्या ताई. त्यांना तयार मेसेज पाठवून ‘फॉरवर्ड करा’ म्हणू नका. आधी फोन करा, त्यांच्या शंकांना उत्तरं द्या, कागद दाखवायचे तर दाखवा, आणि पटलं तर त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा.

यामागे तांत्रिक कारणही आहे. साधा फॉरवर्ड केलेला मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच जातो. फिरून-फिरून ज्यावर दुहेरी बाण आला, तो 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवेला लागणारा हा लगाम तुमच्या स्पष्टीकरणालाही लागतो. नव्याने टाइप केलेल्या मजकुराला किंवा नव्याने काढून पाठवलेल्या फोटोला तो लागत नाही.

ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला आहे त्यांनाच मेसेज जातो. म्हणून खातं उघडतानाच सभासदाच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर सेव्ह करून द्यावा. संकटाच्या रात्री ते जमत नाही. स्वतःच्या गटात गोंधळ वाढला तर ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ हे सेटिंग आहे, पण ते लावताना प्रश्न विचारायला फोन नंबर द्या. नुसतं तोंड बंद केलं तर लोक दुसरा गट काढतात आणि त्यात तुम्ही नसता.

अफवा माणसाच्या जिवावर उठणारी असेल, तर मात्र वाट पाहायची नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारलं. त्याआधी अशाच अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. मुलं, जात, धर्म, विटंबना यातलं काहीही मेसेजमध्ये दिसलं, की पहिला फोन पोलिसांना, निवेदन नंतर.

बोट दाखवू नका

2003 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. ग्राहकाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. शेवटी 2004 च्या सुरुवातीला कंपनीने वेष्टनच बदललं.

बियाण्यांच्या बाबतीत हेच आपल्याकडे घडतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा मराठवाड्यात पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षीच्या काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाण्याच्या प्रतीवर परिणाम झाला होता. सोयाबीनचं टरफल नाजूक, हाताळणीतही इजा होते. पण असं शेतकऱ्याला ऐकवून ‘पेरणी खोल झाली असेल’ म्हणणारा विक्रेता गावाच्या मनातून कायमचा उतरतो.

शेतकऱ्याने रिकाम्या शेताचा व्हिडिओ टाकला, तर विक्रेत्याचं उपयोगी उत्तर असं असतं: ‘दादा, पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा. शेत मोडू नका, पंचनामा व्हायचा आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. अर्जाचा नमुना आमच्या दुकानात मिळेल. कंपनीचा प्रतिनिधी उद्या 10 वाजता तुमच्या शेतात येईल, मी सोबत असेन.’ सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी लागते. त्या लॉटच्या चाचणीचा कागद दुकानात असेल तर तो दाखवा. दोष कुणाचा ते तक्रारीची पाहणी करणारी समिती ठरवेल. तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिलात, हे व्हिडिओ पाहणाऱ्या सगळ्यांना दिसतं.

कॉमेंट, रिव्ह्यू आणि माईक

वाईट कॉमेंट काढू नका. काढलेल्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट ‘बघा, लपवतायत’ म्हणून फिरतो. शिवीगाळ, कुणाचा खासगी नंबर आणि जाती-धर्मावरचं विष एवढंच काढा, आणि हा नियम पानावर आधीपासून लिहिलेला ठेवा. एकाला जाहीर उत्तर एकदा द्यायचं, मग फोनवर बोलायचं. तिसऱ्यांदा जाहीर वाद घातलात, तर वाचणारे तुमचं म्हणणं सोडून तुमचा सूर लक्षात ठेवतात.

दवाखान्यांना जास्त जपावं लागतं. नातेवाइकाने गुगलवर एक तारा देऊन ‘उपचारात हयगय केली’ असं लिहिलं, तर डॉक्टरने रुग्णाचा आजार, व्यसन, बिल यातलं काहीही उत्तरात लिहायचं नाही, आरोप खोटा असला तरी. गोपनीयतेचं बंधन तिथेही असतं. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं. रुग्णाची माहिती इथे लिहिणं योग्य नाही. कृपया या नंबरवर बोला. उपचाराची कागदपत्रं हवी असल्यास अर्ज द्या’ एवढं पुरे. कागद मागितल्यावर ते 72 तासांत द्यावे लागतात, आणि ते वेळेत दिले की निम्मी प्रकरणं पुढे जातच नाहीत. मित्रांकडून पाच ताऱ्यांचे खोटे रिव्ह्यू टाकून घेऊ नका. एका रात्रीत आलेली वीस कौतुकं कुणालाही ओळखू येतात.

जिल्ह्याजिल्ह्यांत यूट्यूब चॅनलचे बूम (माईक) घेऊन प्रतिनिधी येतात. त्यांना टाळू नका. बोलणारा माणूस एकच ठेवा, लेखी निवेदनाची प्रत द्या आणि मुलाखत आपल्याही फोनवर पूर्ण रेकॉर्ड करा, म्हणजे एकच वाक्य कापून दाखवलं गेलं तर पूर्ण उत्तर तुमच्याकडे राहतं. कुणी बातमी दाबण्यासाठी पैसे किंवा ‘जाहिरात’ मागितली, तर देऊ नका. ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली तक्रार करता येते, आणि एकदा दिलेले पैसे पुढच्या महिन्यात दुसऱ्याला बोलावतात.

माफी मागायची असेल तर ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द वगळा. काय चुकलं, कुणाला त्रास झाला, तो कसा भरून देणार, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे सांगा. साठ ते नव्वद सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. पंखा बंद करून, खिडकीकडे तोंड करून, कागद न वाचता, रोजच्या बोलीत.

कायदा कुठे उपयोगी पडतो

संस्थेच्या नावाने बनावट खातं उघडून कुणी पैसे मागत असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड लागू होतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत आणि दंड 1 लाखापर्यंत. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया मंचाला तक्रार अधिकारी ठेवणं 2021 च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. त्याच्या निर्णयाविरुद्ध केंद्राच्या अपील समितीकडे 30 दिवसांत जाता येतं. बदनामीसाठी न्याय संहितेचं कलम 356 आहे. ‘66 अ लावू’ अशी धमकी अजूनही ऐकू येते. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजीच रद्द केलं. खरी तक्रार करणाऱ्या ग्राहकाला नोटीस पाठवली, तर ती नोटीसच बातमी होते.

आधी करून ठेवायच्या गोष्टी

फेसबुक पान आणि व्हॉट्सॲपचा नंबर कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. बऱ्याच ठिकाणी पान एखाद्या माजी कर्मचाऱ्याच्या खात्यावर असतं आणि संकटाच्या रात्री तो फोन उचलत नाही. सिम संस्थेच्या नावाचं हवं, पानाला दोन ॲडमिन हवेत, दुहेरी पडताळणी चालू हवी.

इंटरनेट बंद होईल हेही धरून चाला. 2023 च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांच्या काही भागांत ते बंद होतं. तेव्हा एसएमएस, शाखेबाहेरचा फलक आणि ग्रामपंचायतीची दवंडीच कामाला येते. एकगठ्ठा एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी (एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा) नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ‘शाखा उद्या नेहमीच्या वेळेला उघडेल’ आणि ‘शाखा आज बंद राहील, कारण…’ असे दोन साचे शांत दिवसांत मंजूर करून ठेवा.

प्रकरण निवल्यावर आठवड्याभरात एक बैठक घ्या: मेसेज आधी कुणाला दिसला, आपल्याला कळायला किती तास लागले, कुठल्या गावात उत्तर पोचलंच नाही. जुनी स्पष्टीकरणं पानावरून काढू नका. मूळ मेसेजवर तारीख नसते, त्यामुळे तो सहा महिन्यांनी जसाच्या तसा पुन्हा फिरतो, बहुतेक वेळा दिवाळीच्या किंवा पेरणीच्या तोंडावर. तेव्हा तारीख-वेळेसह असलेलं स्पष्टीकरण आणि त्याखाली ‘या प्रकरणात पुढे काय झालं’ याच्या चार ओळी तयार असतील, तर त्या संध्याकाळी फक्त लिंक पाठवायची असते.